निरुपयोगी विद्या कोणती?

“या धड्याचा पुढें उपयोग काय?” असें विद्यार्थी विचारतात, कित्येक पालकही त्यांस दुजोरा देतात. त्यांनीं स्वीडनच्या आरमारांतील ‘गॉटलंड’ वर्गाच्या तीन पाणबुड्यांचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. साध्या डिझेल पाणबुडीस विद्युत्घट भरण्याकरितां हवेसाठीं वारंवार वर यावें लागतें, व तेथेंच ती शत्रूस सांपडते. १९९६-९७ सालीं सेवेंत आलेल्या या पाणबुड्या द्रवरूप प्राणवायु बरोबर नेतात आणि स्टर्लिंग एंजिनाच्या बळावर आठवडेच्या आठवडे पाण्याखालीं राहतात. या एंजिनाची मूळ कल्पना रॉबर्ट स्टर्लिंग नामक स्कॉटिश धर्मोपदेशकाची, १८१६ सालची! वाफेच्या यंत्रापुढें ती मागें पडली. पण व्यर्थ गेली नाहीं. विद्येचा हिशेब परीक्षेच्या निकालाबरोबर मिटवूं नये, असें आम्हांस वाटतें.