स्तन काढायचा की वाचवायचा, हे कोण ठरवणार?

छातीतल्या गाठीचा रिपोर्ट येतो तेव्हा तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या, दिराच्या किंवा मुलाच्या हातात पडतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात पुरुष मंडळी काय करायचे ते ठरवतात. जिच्या शरीरात ती गाठ आहे, तिला "छोटंसं ऑपरेशन आहे, घाबरू नको" एवढेच सांगितले जाते. मग संमतीपत्रावर तिचा अंगठा किंवा सही घेतली जाते. आम्ही विचारतो, याला संमती म्हणायचे का?

सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग म्हणजे फक्त डॉक्टरांचा विषय, असे मानणे आम्हाला मान्य नाही. या टप्प्यावर स्त्रीपुढे खरोखर एकापेक्षा जास्त मार्ग असतात. म्हणूनच निर्णय कोण घेतो आणि कशाच्या आधारावर घेतो, हा सामाजिक प्रश्न ठरतो.

आधी आजार समजून घेऊ. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल आणि काखेतल्या गाठींत आजार पोहोचलेला नसेल, तर तो साधारण पहिला टप्पा. गाठ दोन ते पाच सेंटिमीटर असेल किंवा काखेतल्या मोजक्या गाठींत आजार असेल, तर तो साधारण दुसरा टप्पा. हा आजार बरा होण्याची शक्यता याच टप्प्यांवर सर्वात चांगली असते. पण नुसती गाठ हाताला लागली म्हणून ती लगेच कापून काढणे चुकीचे आहे. आधी सुईने तुकडा घेऊन बायोप्सी व्हायला हवी. त्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-२ या तीन तपासण्या व्हायला हव्यात, कारण पुढचे औषध त्यांवर ठरते. "आजच्या आज कापा, नाहीतर पसरेल" ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. तपासण्या करायला, समजून घ्यायला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला दोन-तीन आठवडे मिळतात. दोन-तीन महिने मात्र घालवायचे नाहीत. अंगारा, जडीबुटी आणि बाबा-बुवांच्या दारात जे महिने जातात, तेच पहिल्या टप्प्याचा तिसरा टप्पा करतात.

आता मुख्य वाद. पूर्ण स्तन काढायचा, की फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून स्तन वाचवायचा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळेच काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे जवळजवळ पाऊण शतक जगभर तीच चालली. हॉल्स्टेडचा दबदबा एवढा होता की ती पद्धत तपासून बघायची गरज फारशी कुणाला वाटली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बर्तो वेरोनेसी यांनी ती तपासली. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून किरणोपचार दिले आणि वीस वर्षे नोंद ठेवली. २००२ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांत स्त्रिया सारख्याच जगल्या. मोठा माणूस म्हणतो म्हणून खरे मानायचे नाही, तपासून बघायचे, हे आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको.

पण याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून किरणोपचार न घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात आजार परत आला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. म्हणजे स्तन वाचवायचा असेल तर साधारणपणे किरणोपचार घ्यावेच लागतात. आजार स्तनात अनेक ठिकाणी पसरलेला असेल किंवा छातीला पूर्वी किरणोपचार झालेले असतील, तर बहुधा पूर्ण स्तन काढणेच योग्य ठरते. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते का, हेही विचारता येते.

इथे आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, "ताई, हे शहरी बायकांचे चोचले. गरीब बाईला जीव वाचला म्हणजे झाले. काढून टाकले की एकदाचे सुटले." आम्ही या म्हणण्याला हसण्यावारी नेत नाही. किरणोपचाराची यंत्रे बहुतांश मोठ्या शहरांत आहेत. पूर्वी पाच आठवडे रोज जावे लागे. ब्रिटनमधल्या अभ्यासांनंतर तीन आठवड्यांत पंधरा वेळा, आणि २०२० मधल्या अभ्यासानंतर निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा, इथपर्यंत हा काळ कमी झाला आहे. तरी रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला तीन आठवडे शहरात राहायचे कुठे, खायचे काय, घरची लेकरे सांभाळायची कुणी? अशा बाईने सगळे समजून घेऊन पूर्ण स्तन काढायचे ठरवले, तर तो तिचा निर्णय आहे आणि तो पूर्ण आदरास पात्र आहे. आमचा विरोध आहे तो एसटीच्या अंतराने आणि बुडणाऱ्या मजुरीने तिच्या वतीने निर्णय घेण्याला. दोन मार्ग आहेत हेच जिला सांगितले नाही, तिने निवड केली असे कसे म्हणता येईल?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या ऑपरेशन, केमो आणि किरणोपचाराला मदत मिळते. पण रुग्णाची बुडालेली मजुरी आणि शहरातला मुक्काम ही योजना भरून देत नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाची बाजू घेताना स्त्रीच्या आरोग्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली होती. त्याच न्यायाने किरणोपचाराच्या काळातली भरपाई आणि राहण्याची सोय ही आपली मागणी असली पाहिजे.

ऑपरेशन झाले म्हणजे उपचार संपले, हाही गैरसमज आहे. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे घ्यावी लागते. ही गोळी स्वस्त आहे. तरी "आता बरं वाटतंय" म्हणून ती मध्येच बंद केली जाते. हर-२ पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे महागडे इंजेक्शन साधारण वर्षभर लागते. म्हणून ते योजनेत किंवा सरकारी रुग्णालयात मिळेल का, हे पहिल्याच भेटीत विचारा. तिन्ही तपासण्या निगेटिव्ह असतील तर केमोला महत्त्व येते. शेजारणीला केमो दिली नाही म्हणून आपल्यालाही नको, हा तर्क इथे चालत नाही.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा मेमोरियलने १,५१,५३८ स्त्रियांना घेऊन एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटाची प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासणी केली. त्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीच्या वरच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून कमी वयात तसा फायदा दिसला नाही, हेही खरे. तरी एवढे सिद्ध झाले की महागडी यंत्रे नसतानाही, वस्तीत, बायकांच्या हातांनी काम होऊ शकते.

मग आपण काय करायचे? महिला मंडळाच्या आणि विहारातल्या बैठकीत स्तन हा शब्द न लाजता उच्चारायचा. कुणाला गाठ लागली तर सोबत जायचे आणि रिपोर्ट तिच्यासमोर, तिच्या भाषेत वाचायला लावायचा. टप्पा कोणता? तीन तपासण्या झाल्या का? स्तन वाचवता येईल का, आणि नसेल तर का नाही? काखेतल्या सगळ्याच गाठी काढायच्या आहेत, की आधी एक-दोन काढून तपासता येतील? सगळ्याच काढल्या तर हात सुजण्याचा धोका वाढतो, आणि ज्या हाताने रोज काम करायचे त्या हाताची सूज म्हणजे तिच्या भाकरीचाच प्रश्न आहे. हे प्रश्न कागदावर लिहून न्या. उत्तर द्यायला डॉक्टर बांधील आहेत.

शिक्षण म्हणजे फक्त पदवी नव्हे. स्वतःच्या शरीराचा रिपोर्ट समजणे हेही शिक्षणच. तो समजून घेऊन बाई जे ठरवेल, त्यामागे उभे राहणे ही आपली जबाबदारी आहे.

जय भीम!