नाव लावलंय ना, मग झालं!

नारायणगावात परवा एका निवृत्तीच्या सत्काराला गेलो होतो. शाल-नारळ झाल्यावर एक गृहस्थ माईकला चिकटले: ‘मृत्युपत्र वगैरे वकिलांची दुकानदारी. पीएफ, बँक, पतपेढी, सगळीकडे नॉमिनी लावा आणि निवांत मरा.’ टाळ्या पडल्या.

मरणारा निवांतच मरतो हो! मागच्यांचं काय? बँक-विम्याचा नॉमिनी म्हणजे पैसा ताब्यात घेणारा विश्वस्त, मालक नव्हे. विम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे 1983 सालीच सांगितलं. (2015 साली विम्याच्या कायद्यानं आईबाप, नवराबायको, मुलं यांना सवलत दिली, हे मान्य.) ज्यांचं कॅलेंडर जुन्नर-आंबेगावात घरोघरी खिळ्याला टांगलेलं असतं, त्या जयंत साळगावकरांच्या गुंतवणुकीचा वादही तिथवर गेला, डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयानं शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल पुन्हा तेच बजावलं.

माझ्या नात्यातला एकजण मुंबईत कामाला लागला तेव्हा बिनलग्नाचा होता. सगळीकडे नॉमिनी भाऊ. लग्न झालं, लेक झाली, फॉर्म तसेच. तो गेल्यावर वहिनीनं प्लास्टिकची पिशवी सोडली: पासबुक, रेशनकार्ड, पावत्या आणि प्रत्येकावर दिराचं नाव. पीएफ वाचला, कारण 1952 च्या योजनेत लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन बाद होतं. बँकेची ठेव मात्र दिरानं उचलली. बँकेचं काही चुकलं नाही, नॉमिनीला पैसे दिले की ती मोकळी. वहिनी वारस, पण हक्क मागायला कोर्टाची पायरी चढली. तिथं आडसाली ऊस दोनदा तुटून गेला तरी तारखा चालूच!

‘आता बँकेत चार नॉमिनी लावता येतात’ म्हणे. येतात, नोव्हेंबर 2025 पासून. एका हमालाच्या जागी चार हमाल.

आणि वारस कोण, यावरही माईकवाल्या गृहस्थांशी मागं हक्कसोडपत्राच्या निमित्तानं वाजलं होतं. बहिणींनी सही दिली की घर एकत्र राहतं, असा त्यांचा सिद्धांत. 1956 च्या वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, बायको आणि आई पहिल्या वर्गात बसतात, बाप नाही, हे ऐकवल्यावर त्यांचा चहा थंड झाला होता.

मग करायचं काय? नॉमिनी लावाच, लग्नानंतर बदला, आणि मृत्युपत्र लिहा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सही करताना दोन साक्षीदार हवेत, तुमच्याहून तरुण असतील तर बरं. माझं वय त्यात बसत असेल तर सकाळी दहाच्या आत या. नंतर मी मंचरच्या बाजारात असतो.