खुर्ची आहे, तयारीचे काय?

आपल्याकडे दिव्यांगांसाठी काही करायचे म्हटले की आधी मांडव उभा राहतो. तीनचाकी सायकली रांगेत लागतात, फलकावर पाहुण्यांची नावे झळकतात, वाटप होते, फोटो निघतात. सायकल लागतेच. कुबडी, श्रवणयंत्र, पेन्शन यांचीही गरज आहे आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण अपंगत्वासह जगणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना कायदा वाचायला, अंदाजपत्रक समजून घ्यायला आणि सभेत उभे राहून प्रश्न विचारायला शिकवणे हे कामही तितकेच निकडीचे आहे. त्यासाठी मात्र कुठे मांडव पडत नाही आणि खर्चाचे शीर्षकही नसते. आमची तक्रार नेमकी इथे आहे.

कायद्याने दारे बऱ्यापैकी उघडली आहेत. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर नेले. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९च्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याबरोबर स्थानिक समितीत एका दिव्यांग व्यक्तीला जागा आहे. महाराष्ट्राने २०२२मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा शासनाचा आदेशही आहे. आता हा आदेश गावात कसा उतरतो ते पाहू. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक म्हणजे नमुना १. त्यात जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे असते आणि सरकारी अनुदानेही असतात. पाच टक्के काढायचे ते स्वउत्पन्नावर. समजा ते आठ लाख आहे, तर निधी झाला चाळीस हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी दोन हजार वाटून मार्चअखेर विषय मिटवता येतो, नाहीतर शाळेला उतार आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह करता येते. यातले काय करायचे हे दरवर्षी कोणीतरी ठरवतेच. ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांना नमुना १ वाचता येत नसेल तर ठरवणारे दुसरे असतात, आणि ते बहुधा वाटपच ठरवतात. वाटप सोपे असते.

आजवर जे मिळाले ते मागणाऱ्यांनी मिळवले, हा इतिहास आहे. १९९५चे विधेयक संसदेत मंजूर झाले त्यामागे दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबरच्या थंडीत दिल्लीत केलेली निदर्शने होती. २००१च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न आला, तोही त्यांनी भांडल्यावर. २०१२मध्ये गोव्यातल्या परिषदेला निघालेल्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सीमुळे कोलकात्याला विमानातून उतरवण्यात आले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१६मध्ये न्यायालयाने त्यांना दहा लाखांची भरपाई दिली. राजीव रतुरी यांनी २००५मध्ये केलेल्या याचिकेवर २०२४मध्ये न्यायालयाने सरकारला बजावले, की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे करा. कोणी म्हणेल, ही असामान्य माणसे, शिकलेली, शहरातली. अगदी खरे. म्हणूनच अशा माणसांच्या जन्माची वाट पाहत बसण्यापेक्षा साध्या माणसांना तयार करण्याची व्यवस्था हवी.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १९८७मध्ये नेमके हेच केले. ‘पार्टनर्स इन पॉलिसीमेकिंग’ या वर्गात अपंगत्व असलेले प्रौढ आणि लहान अपंग मुलांचे पालक एकत्र बसत, महिन्याला दोन दिवस, असे आठ महिने. आमदाराला भेटताना काय बोलायचे, विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष कशी द्यायची, बैठक कशी चालवायची, हे तिथे शिकवले जाई. प्रवासाचा आणि मदतनिसाचा खर्चही वर्गाकडून मिळे. आमच्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. आईला मूल कोणाकडे सोडायचे याची चिंता असेल तर ती येणार कशी? हा वर्ग पुढे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आणि इंग्लंडमध्येही गेला.

यातून नुसती नेतागिरी वाढेल, असा एक आक्षेप ठरलेला असतो. पंचायतींमध्ये बायकांना जागा मिळाल्या तेव्हाही हेच ऐकले होते. ‘सरपंचपती’ हा प्राणी आपण पाहिलाच, अजूनही अधूनमधून दिसतो. पण जिथे यशदासारख्या संस्थांचे किंवा महिला राजसत्ता आंदोलनासारख्या चळवळींचे प्रशिक्षण पोचले तिथे बाई स्वतः दप्तर मागू लागली. जागा आधी आली आणि तयारी मागून, म्हणून मधली वर्षे वाया गेली. तामिळनाडूने २०२५मध्ये स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्य नेमण्याची तरतूद कायद्यात केली. उद्या आपल्याकडे तशी मागणी झाली, ती व्हायलाच हवी, तर तयारी आजच सुरू करावी लागेल. नाहीतर खुर्चीत एक आणि बोलणारा दुसराच, हा खेळ पुन्हा रंगेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना बौद्धिक अपंगत्व आहे ते काय बोलणार? त्यांच्या वतीने आईवडील बोलतातच की. आईवडिलांचे ऋण मोठे आहे. या देशातल्या कितीतरी विशेष शाळा पालकांच्याच जिद्दीतून उभ्या राहिल्या. पण मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत ते प्रौढ असते, आणि पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यासाच्या त्याच स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. हे अनेक घरांना बँकेच्या काउंटरवर कळते, तेही अडचण आल्यावर. शिवाय पालकाला हवी असते सुरक्षितता आणि मुलाला कदाचित बाहेर पडायचे असते. दोघांचे हित दर वेळी एक नसते. म्हणून दोघांनाही शिकवायला हवे, काही तास एकत्र आणि काही तास वेगळे. सोपी भाषा, चित्रे, भरपूर वेळ आणि शेजारी विश्वासाचे माणूस एवढे दिले तर ‘मला हे नको’ हे बहुतेकांना सांगता येते. धोरणाला तेवढ्यानेही दिशा मिळते.

मूठभर शहरी पुरुषच पुढारी होतील, ही भीती मात्र आम्हाला पटते. तिचा इलाज वर्ग बंद करणे हा नाही. वर्ग तालुक्याला घ्या, निम्म्या जागा बायकांना द्या, सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि ब्रेलमधले साहित्य यांचा खर्च आधीच धरा. याला कोटींची गरज नाही. तालुक्याचे सभागृह, एक निवृत्त ग्रामसेवक, एक वकील आणि गाडीभाडे एवढ्यावर सुरुवात होते.

दिवाळी सरली की गावोगाव पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकांची जुळवाजुळव सुरू होईल. आमच्या वाचकांत सरपंच आहेत, नगरसेवक आहेत, शिक्षक, वकील आणि निवृत्त अधिकारीही आहेत. त्यांना विनंती एवढीच, की २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी आपल्या गावातल्या चार दिव्यांगांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावून नमुना १ त्यांच्यापुढे उघडा, आणि पाच टक्क्यांची ओळ कुठे आहे ते दाखवा.