रुग्णवाहिकेत निर्णय कुणाचा?

महामार्गावर अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, 'ॲम्ब्युलन्स आली का?' ती उशिरा आली तर बातमी होते, आमदार सभागृहात बोलतात, मंत्री गाड्यांचे आकडे वाचून दाखवतात. पण ती आल्यावर आतल्या माणसाने काय केले, काय करायला हवे होते आणि ते करण्याचा अधिकार त्याला होता का, हे कुणी विचारत नाही. आपल्या लेखी रुग्णवाहिका म्हणजे सायरन लावलेली गाडी. जखमीला उचलायचे आणि दवाखान्याच्या दारात उतरवायचे, संपले काम. ही समजूतच माणसे मारते, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

समजा, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ रात्री एक गाडी उलटली. एकाच्या मांडीतून रक्त वाहते आहे. दुसरा बेशुद्ध आहे, त्याचा श्वास घरघरतो आहे. तिसरा मोठमोठ्याने ओरडतो आहे. जमलेली गर्दी काय करते? ओरडणाऱ्याला आधी गाडीत घालते. वास्तविक ज्याला ओरडता येते त्याचा श्वास चालू असतो. जो गप्प पडला आहे, तो आधी जाण्याची भीती असते.

पुढचा प्रश्न, न्यायचे कुठे? तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, पण अशा ठिकाणी रात्री पोट उघडून रक्तस्राव थांबवणारा सर्जन हजर असेलच याची खात्री नसते. त्यापुढे जालना आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी आणखी लांब, पण मेंदूची शस्त्रक्रिया तिथे होऊ शकते. मांडीतले रक्त दाबपट्टीने थांबले तर पहिल्याला लांब नेता येईल. पोटात रक्तस्राव असेल तर नेता येणार नाही. हा हिशेब दोन-तीन मिनिटांत करायचा असतो. आपल्याकडे तो अनेकदा हवालदार करतो, फोनवरचा नातेवाईक करतो, नाहीतर कुठल्यातरी खासगी दवाखान्यातला 'ओळखीचा' माणूस करतो.

दुसरी तितकीच घातक समजूत सलाईनची. बाटली टांगली की उपचार सुरू झाला, असे आपण मानतो. नाही टांगली तर नातेवाईक भांडायला उठतात. ह्यूस्टनमध्ये गोळी किंवा सुरा लागून छाती-पोटाला जखम झालेल्या आणि रक्तदाब घसरलेल्या 598 जणांचा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना वाटेतच भरपूर सलाईन दिले त्यांच्यापैकी 62 टक्के वाचले. ज्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत थांबवले त्यांच्यापैकी 70 टक्के. कारण समजायला अवघड नाही. सलाईनने रक्त पातळ होते, दाब वाढतो आणि जखमेवर नुकतीच धरलेली गाठ सुटते. भोक पडलेल्या टाकीत पाणी ओतत राहण्यासारखेच ते.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने रुग्णवाहिकांत प्रगत उपचार आणले, म्हणजे घशात नळी घालणे, शिरेतून औषधे देणे वगैरे. गंभीर जखमींवर त्याचा काय परिणाम झाला, हे 2008 साली प्रसिद्ध झाले. 2,867 रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाले नव्हते. उलट खोल बेशुद्धीतल्या जखमींमध्ये जगण्याचे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर आले होते. यंत्रे वाढली म्हणजे जीव वाचतात, असे समजणाऱ्या आपल्या सरकारांनी हा आकडा भिंतीवर लावायला हवा.

मग 'उचला आणि पळा' हाच मंत्र का? तर तसेही नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा रक्तदाब घसरू दिला तर मेंदूचे आणखी नुकसान होते. ह्यूस्टनचा धडा त्याला डोळे झाकून लावता येत नाही. छातीत हवा कोंडून फुफ्फुस दाबले गेले असेल तर ती सुईने जागेवरच काढावी लागते, नाहीतर दवाखान्यात प्रेत पोहोचते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे स्वस्त औषध घ्या. 40 देशांतल्या 20 हजारांहून अधिक जखमींवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष 2010 साली आले. पहिल्या तीन तासांत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. उशीर केला तर अपाय होण्याची शक्यता असते. थोडक्यात, काय करायचे, काय टाळायचे आणि कधी निघायचे, हे रुग्ण पाहून ठरवणारे डोके गाडीत हवे. घोषणेने हे काम होत नाही.

महाराष्ट्रात 2014 साली 108 सेवा सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी. त्यांपैकी 233 प्रगत, बाकी प्राथमिक. गाडीत डॉक्टर असतो, याचा आपल्याला अभिमान. यातले बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर. पदवीचा वाद मला घालायचा नाही. रात्री दोन वाजता चिखलात गुडघे टेकून जखमीला सांभाळणाऱ्याला नावे ठेवणे मला जमणार नाही. माझे प्रश्न त्याच्या मालकांना आहेत. गंभीर जखमींबद्दल त्याच्या हातात लेखी नियमावली आहे का? जवळचे रुग्णालय ओलांडून पुढे जाण्याचा त्याचा निर्णय वरचे मान्य करतात का? अवघड क्षणी फोनवर तज्ज्ञ मिळतो का? जो वाटेत दगावला, त्याच्या प्रत्येक निर्णयाची नंतर तपासणी होते का? किती फोन आले आणि किती रुग्ण नेले, हे आपल्याला सांगितले जाते. नेलेल्यांपैकी किती जगले, हे सांगा.

कायद्याने बरेच काही दिले आहे. पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर उपचार केलेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिले आणि 'गोल्डन अवर'ची व्याख्याही केली. 2021 च्या कायद्याने पॅरामेडिकला आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. म्हणजे वाटसरू सुरक्षित, तास निश्चित, पॅरामेडिकचे नावही कागदावर. त्या तासात निर्णय कुणी घ्यायचा, हे मात्र मोकळेच राहिले.

यावर ठरलेला आक्षेप येतो, 'पॅरामेडिकला इतके अधिकार दिले तर चुका होतील.' होतील. चुका आजही होतात, फक्त त्या कुणाच्याच नावावर लिहिल्या जात नाहीत. 'रस्त्यातच गेला' या दोन शब्दांत त्या पुरल्या जातात. इंग्लंडमध्ये 2012 पासून गंभीर जखमींसाठी ठराविक मोठी केंद्रे आहेत. लेखी निकष पाहून पॅरामेडिक ठरवतो की जवळचे रुग्णालय ओलांडून थेट तिकडे जायचे. मान्य, त्यांची केंद्रे आणि आपली ग्रामीण रुग्णालये यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण निकष लिहून काढायला, अधिकाराचा कागद द्यायला आणि मृत्यूंचा हिशेब ठेवायला किती कोटी लागतात?

भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली कित्येक जागेवरच गेली असतील, त्यांना कुणीच वाचवू शकले नसते. पण जी गाडीत घातली तेव्हा जिवंत होती, त्यांच्याबद्दल राज्याने उत्तर दिले पाहिजे. नव्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवताना मंत्र्यांना कुणीतरी विचारा, आत बसणाऱ्याला निर्णयाचा अधिकार दिलात का? नसेल दिला, तर साहेब, तुम्ही फक्त सायरन वाढवलेत.