संगणक निर्लेखित करण्याआधी रॅमचा हिशेब वाचा



लोकवर्गणीतून आलेले जुने संगणक आपल्या बऱ्याच शाळांत अजून आहेत. रॅम २ नाहीतर ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या यंत्रांना झेपत नाही. म्हणून आपल्यापैकी काही जण त्यावर लिनक्स टाकतात. पुढे कधीतरी यंत्र रेंगाळतं, कुणीतरी मेमरी तपासतो, "फ्री" रकान्यात अगदी थोडे एमबी दिसतात आणि निकाल लागतो : रॅम संपली, निर्लेखनाचा प्रस्ताव करा. माझ्या मते हा निकाल चुकीचा रकाना वाचून दिलेला असतो.

आधी रॅम म्हणजे काय ते वर्गातल्या उदाहरणाने पाहू. रॅम म्हणजे आपलं टेबल, हार्ड डिस्क म्हणजे कपाट. कपाटातून काढलेलं पुस्तक वाचून झालं तरी लिनक्स ते लगेच परत ठेवत नाही. जागा आहे तोवर टेबलावरच राहू देतो, कारण पुन्हा लागलं तर कपाटापर्यंत जायला नको. याला कॅश म्हणतात. दुसऱ्या कामाला जागा लागली की ही पुस्तकं उचलली जातात. म्हणजे टेबल भरलेलं दिसतं, पण अडलेलं नसतं.

आता टर्मिनलमध्ये "फ्री" ही कमांड देऊन बघा. समजा २ जीबीच्या संगणकावर असे आकडे आले :

यूज्ड – ७०० एमबी
फ्री – १५० एमबी
बफ/कॅश – १०५० एमबी
अव्हेलेबल – १००० एमबी

बघायचा तो शेवटचा आकडा. नवीन प्रोग्रॅमला साधारण किती जागा मिळू शकेल याचा तो अंदाज आहे. कॅशमधलं सगळंच मोकळं होत नाही, म्हणून फ्री आणि कॅशच्या बेरजेपेक्षा तो थोडा कमी असतो. इथे तर अर्धी रॅम हाताशी आहे!

इंटरनेटवर "कॅश साफ करा, रॅम वाढवा" अशा कमांड फिरतात. त्या देऊ नका. फ्रीचा आकडा वाढलेला दिसतो खरा, पण पुढच्या वेळी तीच फाईल पुन्हा डिस्कवरून आणावी लागते. काम उलट हळू होतं.

मग खरी टंचाई कशी ओळखायची? मुलाचं अर्धवट चित्र टेबलावर असेल तर ते कपाटातल्या पुस्तकासारखं परत ठेवता येत नाही. ते सांभाळायला डिस्कवर एक वेगळी जागा असते, तिला स्वॅप म्हणतात. स्वॅपमध्ये थोडं काही पडून असणं बिघाड नाही. पण सतत आत-बाहेर सुरू असेल तर यंत्र गुदमरतं. "व्हीएमस्टॅट १" ही कमांड दिली की दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या. पुढच्या ओळींत "एसआय" आणि "एसओ" या रकान्यांत शून्याऐवजी मोठे आकडे येतच राहिले, तर रॅम खरंच कमी पडते आहे.

तसं झालं तर या क्रमाने उपाय करा :

१. सगळ्यात आधी ब्राउझर पाहा. जुन्या यंत्रावर बहुतेक वेळा सगळ्यात जास्त मेमरी तोच खातो. नको ते टॅब बंद करा, एक्स्टेंशन काढा. फायरफॉक्सच्या मेनूत टास्क मॅनेजर आहे, कोणता टॅब किती घेतो ते त्यात दिसतं.

२. यंत्र सुरू होताना आपोआप उघडणारे, पण शाळेला न लागणारे प्रोग्रॅम बंद करा.

३. डेस्कटॉप हलका घ्या. २ जीबीवर ग्नोम ओढाताण करतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी चालतो.

४. झेडरॅम सुरू करा. मेमरीतला मजकूर घडी घालून रॅममध्येच ठेवण्याची ही सोय आहे. थोडं काम प्रोसेसरवर पडतं, पण डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा ते खूप जलद.

एक सूचना. सिस्टिम मॉनिटरमधल्या सगळ्या प्रोग्रॅमच्या मेमरीची बेरीज करत बसू नका. अनेक प्रोग्रॅम काही भाग सामाईक वापरतात आणि तो प्रत्येकाच्या नावावर मोजला जातो. एकच फळा प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर लिहावा, तसं ते होतं.

एवढं करूनही स्वॅप धावतच राहिला, तर जरूर रॅम घ्या. माझा विरोध खर्चाला नाही, न तपासता केलेल्या खर्चाला आहे. आणि अव्हेलेबल भरपूर असूनही यंत्र हळू असेल, तर दोष रॅमचा नाही. जुनी हार्ड डिस्क तपासा.

गावाने पै-पै जमवून दिलेलं यंत्र आहे. ते खोलीतून गेलं की दुसरं कधी येईल याचा भरवसा नाही, आणि तोवर तिसरी-चौथीची मुलं माऊस हातात न धरता पुढच्या वर्गात जातात. निर्लेखनाच्या कागदावर सही करण्याआधी दोन कमांड द्यायला पाच मिनिटं लागतात. तेवढी तरी द्यावीत. सहावी-सातवीच्या मुलांना सोबत बसवलंत, तर आकडे वाचण्याचा एक चांगला पाठही होईल.