वृद्धाश्रमांना देणगी देतो, तशी तपासणीही मागू या

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपण मुलांच्या कृतघ्नतेवर बोलतो. रात्री दोन वाजता तिथल्या आजींना लघवीला उठवायला कोण येते, हे मात्र कुणी विचारत नाही. मुले लाजेपोटी गप्प असतात आणि बाकीचे देणगी देऊन मोकळे होतात. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसे एक कोटीहून अधिक होती. कुणाची मुले परदेशी, कुणाला मूलबाळच नाही, कुणाच्या दोन खोल्यांत स्मृतिभ्रंशाचे आजारपण पेलत नाही. वृद्धाश्रम ही गरज आहे, आणि गरजेच्या सेवेचा दर्जा तपासलाच पाहिजे.

१. ‘नोंदणीकृत संस्था’ या पाटीवर विसंबू नका. अनेक वृद्धाश्रम सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. ते कार्यालय विश्वस्त, मालमत्ता आणि हिशेब पाहते. आजोबांच्या पाठीवर बेडसोअर झाला आहे का, हे पाहणे त्याचे काम नाही. नर्सिंग होमना १९४९ चा नोंदणी कायदा आहे. पण नाकात नळी असलेली, अंथरुणाला खिळलेली माणसे ठेवणारी जागा स्वतःला ‘आश्रम’ म्हणवते, तेव्हा ती त्या कायद्याच्या नजरेतून निसटू शकते.

२. कायद्यातच भोक आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद करतो, तीही राज्य सरकारच्या मर्जीवर सोडून. खासगी वृद्धाश्रमांच्या नोंदणीची सक्ती त्यात नाही. ती आणि किमान निकष आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले, पण मंजूर न होताच त्या लोकसभेबरोबर संपले. इकडे महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी बांधून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना निकष घालून दिले. विकत घर घेणाऱ्या ज्येष्ठाला नियमांचे संरक्षण आणि महिन्याचे पैसे भरून खाटेवर पडलेल्याला ते नाही, हा अन्याय आहे.

३. आगीचा प्रश्न सर्वांत आधी विचारा. १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीतल्या एका वृद्धाश्रमाला आग लागून दोन वृद्ध महिला दगावल्या. आपल्या राज्यात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. ते पाहायला मागा. खिडक्यांच्या ग्रिलना उघडणारी दारे आहेत का, रात्री गेटच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, चालता न येणारी माणसे वरच्या मजल्यावर का ठेवली आहेत, हेही विचारा.

४. खरी परीक्षा रात्रपाळीची. दिवसा ऑफिसात गोड बोलणारे व्यवस्थापक भेटतात. रात्री एखादी मावशी संपूर्ण मजला सांभाळत असते. किती माणसांमागे एक अटेंडंट, ब्युरोतून आलेल्या मुलींना कुणी शिकवले, हे नेमके विचारा. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. त्याची नोंद होते का? गोळ्या कोण देते आणि कुठे लिहिते? कोण कधी पडले, याचे रजिस्टर आहे का? ‘आमच्याकडे कुणी पडतच नाही’ असे सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही; ऐंशीपुढची माणसे पडतात, आणि चांगला आश्रम ते लपवत नाही. हातपाय खाटेला बांधले जातात का, हे स्पष्ट विचारा. सायंकाळी, न कळवता जा. लघवीचा वास, हाताशी नसलेले पाण्याचे भांडे, बाथरूममध्ये धरायला नसलेला दांडा, हे सगळे तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

५. वाढदिवसाचे अन्नदान थोडे आवरा. मधुमेही आजोबांना जिलबी वाढून फोटो काढण्यापेक्षा ते पैसे रात्रीच्या नर्सच्या पगाराला द्या.

६. करार लेखी हवा. डिपॉझिट किती आणि कधी परत, आजार बळावला तर ठेवून घेणार की घेऊन जायला सांगणार, डायपर-औषधांचा खर्च कुणाचा, हे आधी ठरवा. नात्यागोत्यातल्या कुणालाही पूर्वसूचनेशिवाय भेटू देण्याचे कलम त्यात असलेच पाहिजे.

७. राज्य सरकारने केंद्राची वाट पाहू नये. प्रत्येक वृद्धाश्रमाची सक्तीची नोंदणी, वर्षातून दोन अचानक तपासण्या, तपासणी पथकात डॉक्टर आणि एक ज्येष्ठ नागरिक, अहवाल आश्रमाच्या दारावर लावलेला: एवढे तरी व्हावे. निकषात न बसणाऱ्या गरीब पण प्रामाणिक आश्रमांना टाळे ठोकण्याआधी सुधारणेसाठी अनुदान द्यावे, नाहीतर तिथली माणसे रस्त्यावर येतील.

तोवर तक्रारीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो क्रमांक आश्रमात मोठ्या अक्षरांत लावून घ्या. आणि तुमच्या तालुक्यातल्या आश्रमाला पुढची देणगी देण्याआधी अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र आणि रात्रपाळीची नोंदवही दाखवायला सांगा.