विश्लेषण : सबस्क्रिप्शनला मीटर जोडले, मर्यादा कोण ठरवणार?

सॉफ्टवेअरचे पैसे दरमहा ठरलेल्या रकमेत भरायचे, ही गेल्या २५ वर्षांत रुळलेली पद्धत झपाट्याने बदलत आहे. ठरलेल्या रकमेखाली आता ‘जेवढा वापर तेवढे पैसे’ असा दुसरा आकडा बिलावर दिसू लागला आहे. एआय साधने, क्लाउड सेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून ग्राहकांना जाणारे संदेश, सगळीकडे हेच चित्र आहे. या दोन आकड्यांची सांगड बिलिंग सॉफ्टवेअर घालते. ती कशी घातली जाते, वाद कुठे होतात आणि ग्राहकाच्या हाती काय असायला हवे, याचा हा आढावा.

दोन दरपद्धती एकत्र का आल्या?

सेल्सफोर्स ही कंपनी १९९९ मध्ये स्थापन झाली आणि सॉफ्टवेअर विकत घेण्याऐवजी दरमहा, प्रत्येक वापरकर्त्यामागे पैसे भरण्याची पद्धत रूढ झाली. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने साठवणुकीची ‘एस३’ ही सेवा एका गिगाबाइटला महिन्याला १५ सेंट या दराने सुरू केली. तेथून सॉफ्टवेअरच्या जगात मीटर आले. बरीच वर्षे या दोन पद्धती वेगवेगळ्या वाटेने चालल्या. कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवर मिळे, तर संगणकीय क्षमता मीटरवर.

एआयने हे अंतर पुसले. साध्या सॉफ्टवेअरमध्ये एका ग्राहकाने जास्त वापर केला तरी कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही. एआयमध्ये प्रत्येक प्रश्नाला महागडी संगणकीय क्षमता खर्ची पडते. चॅटजीपीटीच्या महिना २०० डॉलरच्या प्लॅनवरही तोटा होत आहे, कारण लोक अपेक्षेपेक्षा जास्त वापर करतात, असे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते.

भारतात मोबाइलचा प्रवास याच्या उलट झाला. मिनिटामागे पैसे मोजणारा ग्राहक काही वर्षांत ‘अनलिमिटेड’ पॅकवर आला, कारण एका जादा कॉलचा खर्च नगण्य झाला. सॉफ्टवेअरमध्ये जादा वापराचा खर्च वाढला, म्हणून पॅककडून मीटरकडे जाणे सुरू झाले. तेव्हा वापरानुसार दर लावणे ही निव्वळ नफेखोरी आहे, असे म्हणता येणार नाही. कमी वापरणाऱ्याने जास्त वापरणाऱ्याचा भार का उचलायचा, हा प्रश्नही रास्तच आहे.

बिलिंग सॉफ्टवेअर ही सांगड कशी घालते?

महाराष्ट्रातील वीजबिल डोळ्यांसमोर आणले तर हे चटकन समजते. त्यात स्थिर आकार असतो आणि युनिटनुसार वीज आकार असतो. स्ट्राइप, चेन्नईत सुरू झालेली चार्जबी किंवा झोहो बिलिंग यांसारख्या प्रणालींतही एकाच सबस्क्रिप्शनला दोन दर जोडता येतात. एक दरमहा आपोआप लागू होतो, तर दुसरा मीटरच्या आकड्यावर अवलंबून असतो.

ग्राहकाने सेवा वापरली की त्याची एक नोंद तयार होते. वापर कुणी केला, किती केला, केव्हा केला हे तीत असते आणि नोंदीला स्वतःचा क्रमांक असतो. महिनाअखेरीस अशा हजारो नोंदी एकत्र करून एक आकडा काढला जातो. हा आकडा कसा काढायचा, हेही आधी ठरवावे लागते. संदेशांची बेरीज होते. साठवणुकीत मात्र महिन्यातील सर्वाधिक आकडा धरायचा की शेवटच्या दिवसाचा, यावर बिल बदलते.

समजा, एखाद्या दवाखान्याने रुग्णांना वेळेची आठवण करून देणारे सॉफ्टवेअर घेतले. महिन्याचे शुल्क २ हजार रुपये आणि त्यात १० हजार संदेश समाविष्ट. त्यापुढील प्रत्येक संदेशाला २० पैसे. महिन्यात १४ हजार संदेश गेले, तर जादा ४ हजार संदेशांचे ८०० रुपये होतात. एकूण २ हजार ८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४ रुपये. म्हणजे बिल ३ हजार ३०४ रुपये. दवाखान्याच्या लक्षात मात्र ‘महिना २ हजार’ एवढेच राहिलेले असते.

स्लॅबचा हिशेब कुठे फसवा ठरतो?

दर टप्प्यांत असतील तर आकारणी दोन प्रकारे होते. समजा, १० हजारांपर्यंत प्रत्येक संदेशाला २० पैसे आणि त्यापुढे १५ पैसे, असा दर आहे. पहिल्या प्रकारात प्रत्येक टप्प्यातील वापराला त्या टप्प्याचाच दर लागतो. घरगुती वीजबिल आणि प्राप्तिकर याच रीतीने मोजले जातात. १२ हजार संदेशांचे २ हजार ३०० रुपये होतात. दुसऱ्या प्रकारात वापर ज्या टप्प्यात पोहोचला, त्याचा दर सगळ्या वापराला सरसकट लागतो. त्याच १२ हजार संदेशांचे १ हजार ८०० रुपये होतात.

सरसकट पद्धतीत आणखी एक गंमत आहे. १० हजार संदेशांना २ हजार रुपये पडतात, पण आणखी एक संदेश पाठवला की बिल सुमारे ५०० रुपयांनी कमी होते. दरपत्रकावर दोन्ही प्रकारांचा तक्ता सारखाच दिसतो. कोणता प्रकार लागू आहे, हे बहुधा अटींच्या बारीक अक्षरांत असते. ते तक्त्याखालीच उदाहरणासह छापले पाहिजे.

वाद नेमके कुठे होतात?

पहिला गोंधळ काळाचा. सबस्क्रिप्शनचे पैसे आगाऊ घेतले जातात, तर वापराचे नंतर. त्यामुळे १ जुलैच्या बिलात जुलैचे शुल्क आणि जूनचा वापर एकत्र येतो. मध्येच प्लॅन बदलला, तर समाविष्ट कोटा दिवसांच्या प्रमाणात विभागायचा की पूर्ण द्यायचा, हा प्रश्न पडतो. जुन्या प्लॅनमध्ये झालेला वापर नव्या दराने मोजायचा का, हेही ठरवावे लागते.

दुसरा गोंधळ घड्याळाचा. अनेक प्रणालींमध्ये दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार बदलतो. ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. अशा प्रणालीत १ जुलैच्या पहाटे पाचला आपोआप गेलेले संदेश जूनच्या खात्यावर पडतात. जूनचा कोटा संपलेला असेल तर त्यांना जादा दर लागतो.

तिसरा दुबार नोंदींचा. इंटरनेट अडखळले की संगणक तीच नोंद पुन्हा पाठवतो. नोंदीचा क्रमांक नीट तपासला नाही, तर एकाच वापराचे दोनदा पैसे लागतात.

चौथा गोंधळ वर्गवारीचा. १ जुलै २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपने व्यवसायांकडून संभाषणाऐवजी पाठवलेल्या संदेशांनुसार पैसे घेण्यास सुरुवात केली. जाहिरात, व्यवहाराची सूचना आणि ओटीपी यांचे दर वेगळे आहेत. ग्राहकाने संपर्क साधल्यापासून २४ तासांच्या आत पाठवलेली व्यवहाराची सूचना मोफत असते. म्हणजे तोच मजकूर सकाळी मोफत आणि दुसऱ्या दिवशी सशुल्क ठरू शकतो. मध्यस्थ सॉफ्टवेअर कंपनीने हा तपशील बिलात दाखवला नाही, तर दुकानदाराला पडताळणीचा मार्गच उरत नाही.

कर्सर प्रकरणाने काय दाखवले?

प्रोग्रामरसाठीच्या ‘कर्सर’ या एआय साधनाने जून २०२५ मध्ये आपल्या २० डॉलरच्या प्लॅनची रचना बदलली. आधी महिन्याला ५०० जलद विनंत्या मिळत. त्याऐवजी २० डॉलर किमतीचा वापर देण्यात आला. शुल्क तेच राहिले, पण एका अवघड कामाला किती खर्च पडेल, हे वापरणाऱ्याला आधी कळेना. अनेकांना अनपेक्षित बिले आली. ४ जुलैला कंपनीने माफी मागितली आणि अनपेक्षित आकारणीचे पैसे परत देण्याची तयारी दाखवली.

याच काळात गिटहब कोपायलटनेही मीटर लावले. वैयक्तिक ‘प्रो’ प्लॅनमध्ये ३०० विशेष विनंत्या आणि त्यापुढे प्रत्येकी ४ सेंट, असा दर होता. मात्र जादा खर्चाची मर्यादा मुळात शून्य ठेवलेली होती. ग्राहकाने स्वतः ती वाढवल्याशिवाय जादा पैसे लागत नव्हते. दोन्ही कंपन्यांनी वापर मोजला. फरक होता तो जादा खर्चाला ग्राहकाची संमती आधी घेतली की गृहीत धरली, एवढाच.

वीज मीटर आणि सॉफ्टवेअरचे मीटर यांत फरक काय?

वीज मीटर ग्राहकाच्या भिंतीवर असते. रोज जाऊन आकडा पाहता येतो. वीज कायदा २००३ नुसार योग्य मीटरशिवाय वीजपुरवठा करता येत नाही. मीटर सदोष वाटले तर तपासणी मागता येते. वाद मिटला नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि विद्युत लोकपाल आहेत. दरही कंपनी एकटी ठरवत नाही, त्यासाठी वीज नियामक आयोग आहे.

सॉफ्टवेअरचे मीटर विक्रेत्याच्या सर्व्हरवर असते. युनिट म्हणजे काय, हे तोच ठरवतो, मोजतो तोच आणि बिलही तोच काढतो. ‘क्रेडिट’ नावाचे नवे युनिट तर आणखी धूसर आहे, कारण एका कामाला किती क्रेडिट लागतील हे कंपनी बदलू शकते. दर न वाढवता दरवाढ करण्याची ही वाट आहे.

भारतातील नियम कुठवर पोहोचतात?

रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट चौकटीत बदलत्या रकमेच्या आवर्ती देयकाला परवानगी आहे, पण त्यासाठी कमाल रक्कम ग्राहकाने ठरवावी लागते. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. जून २०२२ मध्ये ओटीपीविना होणाऱ्या अशा देयकांची मर्यादा ५ हजारांवरून १५ हजार रुपये करण्यात आली.

हे संरक्षण मोलाचे आहे, पण ते खात्यातून पैसे जाण्यापुरते आहे. बँकेने पैसे अडवले तरी मीटर थांबत नाही. वापर झालेला असतो आणि थकबाकी उभी राहते. २४ तासांची सूचनाही वापर संपल्यावर येते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ ‘डार्क पॅटर्न’ जाहीर केले. त्यांत सबस्क्रिप्शनचा सापळा आहेच, शिवाय ‘सास बिलिंग’ म्हणजे ग्राहकाच्या नकळत आवर्ती पैसे उकळणे, हाही स्वतंत्र प्रकार आहे. मात्र व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येत सहसा बसत नाही. अपवाद आहे तो स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी सेवा घेणाऱ्याचा. त्यामुळे एकट्याने दुकान चालवणाऱ्याला दाद मागण्याची वाट राहते, पण १०-१५ कर्मचाऱ्यांच्या व्यवसायाला ती अवघड होते. अचानक वाढलेल्या बिलाचा फटका नेमका याच मधल्या थराला जास्त बसतो.

मर्यादा घातली तर सेवा बंद पडणार नाही का?

कंपन्यांचा हा आक्षेप खोटा नाही. महिन्याच्या २५ तारखेला मर्यादा संपली आणि रुग्णालयाचे ओटीपी थांबले, तर बिलापेक्षा मोठे नुकसान होईल. पण त्यावरचा उपाय अमर्याद बिल हा नाही. कोणती सेवा मर्यादेला थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची, हे ग्राहकाला सुरुवातीलाच निवडता आले पाहिजे. जाहिरातीचे संदेश थांबले तर बिघडत नाही, ओटीपी चालू राहू शकतो. बिलिंग प्रणालीत हे दोन वेगळे दर असतील, तर मर्यादाही वेगळ्या ठेवता येतात.

दूरसंचार क्षेत्रात हा धडा आधीच गिरवला गेला आहे. मोबाइल डेटा ५०, ९० आणि १०० टक्के संपल्यावर येणारे संदेश ‘ट्राय’च्या नियमांमुळे येतात. तीच सक्ती मीटर असलेल्या प्रत्येक सबस्क्रिप्शनला हवी. त्यासोबत जादा खर्चाची मूळ मर्यादा शून्य असावी आणि बिलामागच्या नोंदी ग्राहकाला उतरवून घेता याव्यात. युनिटची व्याख्या बदलली तर ती दरवाढ समजून पूर्वसूचना द्यावी.

ग्राहकाने तोवर काय पाहावे?

करार करताना महिन्याचे शुल्क विचारण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : एक युनिट म्हणजे नेमके काय, कोटा संपल्यावर सेवा थांबते की पैसे लागतात आणि महिना कोणत्या वेळेनुसार संपतो. गेल्या तीन महिन्यांतील स्वतःचा वापर देऊन त्यावर बिल किती आले असते, हा हिशेबही विक्रेत्याकडून मागावा. ई-मँडेट देताना विक्रेत्याने सुचवलेली कमाल रक्कम तशीच मान्य न करता नेहमीच्या बिलाच्या जवळपास ठेवावी. त्याने मीटर थांबणार नाही, पण पैसे खात्यातून जाण्याआधी बिल तपासायला आणि वाद घालायला वेळ मिळेल.